सव्वादोनची बांगडी

दिवाळी अंकवाल्या मंडळींनी निरोप धाडला की मामा, तुम्ही पन्नास वर्षं बायकांना बांगड्या भरल्या, तर धंद्यातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हसायला बरं. मी चार दिवस कागद पुढं घेऊन बसलो. गमती आठवल्या, नाही असं नाही. पण ज्या गमतीला लोक हसले होते ती लिहायला गेलो की माझंच डोकं फिरायला लागलं. तेव्हा मी हसवणार नाही. ज्याला हसायचंय त्यानं दुसरं पान काढावं. मी चौथी शिकलेला माणूस. ऱ्हस्वदीर्घ तुमचं तुम्ही बघून घ्या, पण माझी वाक्यं सभ्य करत बसू नका.

मी जातीनं आणि धंद्यानं कासार. बाप इंदापुरात पेटी घेऊन गावोगाव फिरायचा, मीही तिथंच शिकलो. पुढं बारामतीत दुकान टाकलं. दुकान म्हणजे दोन कपाटं, एक गादी आणि एक पितळी वाटी साबणाच्या पाण्याची. आजूबाजूच्या गावात लग्न असलं, डोहाळजेवण असलं की पेट्या घेऊन घरी जायचं. सगळ्या मला मामा म्हणतात. नव्वद वर्षांची म्हातारीही मामाच म्हणते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बांगडी भरण्यात काय आहे, हातात ढकलायची. म्हणून थोडं सांगतो. काचेच्या बांगडीचं माप आतल्या गोलाईवर असतं. सव्वादोन इंच, मग दोन-सहा म्हणजे सव्वादोन-अडीचच्या मधलं, मग अडीच, मग पावणेतीन. मनगट बारीक असलं म्हणून बारीक बांगडी बसत नाही. बघायची असते अंगठ्याच्या बुडाची गाठ. अंगठा तळव्यात मोडायचा, चारी बोटांची हाडं एकावर एक आणायची, बाईला बोलण्यात गुंतवायचं आणि हात सैल सुटला की त्याच क्षणाला बांगडी पलीकडं. बाईनं अंग आवळलं की काच गेली. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. माझ्या हातनं वाढलेल्या बांगड्या थोड्या. हा माझा गर्व होता. दुसऱ्यानं अडीच सांगितलेल्या हातात मी दोन-सहा घालून दाखवायचो आणि बाया म्हणायच्या, मामांच्या बोटात लोणी आहे. ह्या गर्वानं पुढं काय केलं ते सांगणारच आहे.

दिवस गेलेल्या बाईचा हात वाढतो. तिचं सगळंच वाढतं. पोट, पाय, गाल, बोटं. वाढायलाच पाहिजे, आत एक जीव उभा राहतोय. सातव्या महिन्यात हिरवा चुडा भरायचा तेव्हा मी न विचारता एक माप वरचं काढतो. हात वाढला नसला तर मी घाबरतो. फारच झपाट्यानं वाढला तरी आता घाबरतो. पूर्वी त्याला घाबरत नव्हतो, तेही येईल पुढं.

पूर्वी ह्या कामाला पुरुष येत नसत. आता मोटारसायकलवर बायकोला घेऊन येतात, दुकानाच्या पायरीवर उभे राहतात, एका हातात फोन. मला बरं वाटायचं, की चला, गडी सुधारले. पण त्यांची तोंडं ऐका. माप वरचं काढलं की एक म्हणतो, "मामा, ट्रकच्या टायरचं माप हाय का बघा." दुसरा म्हणतो, "हिला आता मोजाय कारखान्याच्या काट्यावर न्यावं लागंल, उसाच्या ट्रॉलीमागं लावतो." आणि बाई हसते. ही गोष्ट ध्यानात घ्या, बाई हसते. पण तिचा हात माझ्या हातात असतो. ती तोंडानं हसते आणि तिचा हात आवळतो. मला ते कळतं, पायरीवरच्याला कळत नाही. कित्येक बांगड्या असल्या विनोदांपायी गेल्या.

मोरगावकडचा एक गडी यायचा, शेळ्या पाळणारा. बायकोला आठवा लागलेला. बाहेर माझ्या दुकानापुढं त्याची गाभण शेळी बांधलेली, बाजारात दाखवायला आणलेली. तिच्या पोटावरनं हात फिरवत चार लोकांना सांगत होता, "कशी भरलीय बघा. पेंड चालू हाय सकाळ-संध्याकाळ. अशी भरली म्हंजे जुळी देणार." आणि आत येऊन बायकोला म्हणाला, "बास कर आता, किती वाढायचं." मी त्याला म्हणालो, "शेळीला पेंड देतोस, हिला काय देतोस?" तो म्हणाला, "मामा, शेळी विकायची हाय." त्याला वाटलं त्यानं मला गप्प केलं. मी बांगड्या भरून झाल्यावर त्याच्या बायकोला म्हणालो, "पोरी, पुढच्या बारीला ह्याला बाहेर बांध, शेळीला आत आण." ती खरी हसली. हात सैल सुटला होता तिचा.

सगळे तसले नसतात. माझ्या शेजारी फळाची गाडी लावणारे रशीदभाई, त्यांच्या बायकोला तिसऱ्या खेपेला दिवस होते. स्वतः येऊन म्हणाले, "मामा, अडीच बसती हे मला ठावं हाय, पण पावणेतीनच्या द्या. अजून दोन महिने हात वाढायचा हाय, उगा तिला रगडाय नको." पन्नास वर्षांत हे वाक्य मी एकाच पुरुषाच्या तोंडून ऐकलं.

आता सारिकाचं सांगतो. हिच्यासाठीच मी लिहायला बसलोय, आणि माझ्या बायकोसाठी. माझी बायको हौसा. ती गेल्या वर्षी गेली.

सारिका कोऱ्हाळे बुद्रुकला दिलेली. तिच्या लग्नात मीच चुडा भरला. सव्वादोन. अंगानं काडी, हात चिमणीएवढा. नवरा महेश, एमआयडीसीत कामाला, मोटारसायकलवर जाऊन-येऊन. दारू नाही, मारहाण नाही, आईबापाला धरून राहणारा. मुद्दाम सांगतो, कारण लोकांना वाटतं असली गोष्ट वाईट माणसाच्या घरात घडते.

सव्वा वर्षानं सातव्या महिन्याचा चुडा भरायला मला बोलावलं. घरात बाया जमलेल्या, सारिकाला हिरवं लुगडं नेसवून फुलं माळून पाटावर बसवलेलं. एरवी हौसा माझ्याबरोबर असायची, वाटी धरायला, पेट्या लावायला. त्या दिवशी ती लेकीकडं गेली होती. मी सारिकाचा हात घेतला. चांगलाच वाढला होता, बोटं गुळगुळीत, गाठी दिसेनात. मी अडीचची पेटी ओढली.

महेश दारात उभा होता. फोनवर लग्नातला फोटो काढून सगळ्यांना दाखवत होता. "बघा, काय आणली हुती आन् काय झालं. मामा, लग्नात सव्वादोन भरली हुती न्हवं तुमी?"

"व्हय."

"मग तीच भरा. अडीच न्हाय. माझी बायकू सव्वादोनची हाय, ते मी बदलू देणार न्हाय."

बाया हसल्या. एकजण म्हणाली, "अरं, पोटात लेकरू हाय तिच्या."

"लेकरू पोटात हाय, हातात न्हाय काय," महेश म्हणाला. अजून हसू झालं. मग मला म्हणाला, "का मामा, जमत न्हाय आता? वय झालं?"

मला तेवढंच लागलं. तिथंच मी त्याला उठवायला पाहिजे होतं. तिथंच अडीचच्या भरून मोकळं व्हायला पाहिजे होतं. पण माझ्या बोटात लोणी आहे असं सगळा तालुका म्हणतो. सव्वादोनची पेटी मी काढली नाही, पण दोन-सहाची ओढली आणि सांगितलं, "सव्वादोन न्हाय, पर ह्या घालून दावतो." साबण लावला, हात दाबला, वळवला. सारिका ओठ चावत होती. मी तिला माहेरचं विचारत राहिलो. एकेक करत दोन्ही हातांत अकरा-अकरा गेल्या, एकही वाढली नाही. बाया वाहवा करत होत्या. महेशनं फोटो काढला. रीतीप्रमाणं सारिका माझ्या पाया पडली आणि मी तिला आशीर्वाद दिला. घट्ट बांगड्या तिच्या हातात अडकवून आशीर्वाद दिला. शिधा घेऊन घरी आलो आणि संध्याकाळी हौसा लेकीकडून परतल्यावर तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आज अडीचच्या हातात दोन-सहा घातल्या. ती म्हणाली, "का?" मी म्हणालो, "का म्हंजे?" ती भाजी निवडत राहिली.

तीन आठवड्यांनी सारिकाच्या सासूचा फोन. "मामा, पोरीच्या बांगड्या रुतल्यात. हात वर करून झोपती. काढता येत न्हाईत, आन् वाढवाय कुणी तयार न्हाय. सातव्या म्हयन्याचा चुडा, नवऱ्याच्या जिवावर येतंय म्हणत्यात. तुमी या आन् अखंड काढा."

त्या वेळी हौसा घरात होती. फोन ठेवला तशी ती चपला घालून उभी राहिली. "मी येते," म्हणाली. मी म्हणालो, साबणाचं काम आहे, तू कशाला. ती दाराबाहेर पडली पण होती.

दुपारी बाराच्या सुमाराला आम्ही पोचलो. सारिका ओसरीवर भिंतीला टेकून बसलेली. मी तिला ओळखलं नाही. डोळे बारीक झालेले, तोंड चकचकीत, ओठ जाड. मनगटावर बांगड्यांच्या वर आणि खाली मांस फुगलेलं आणि मधी हिरव्या काचेची खाच. पुढ्यात ताटलीत अर्धी भाकरी आणि वाटीभर पाण्यासारखी आमटी.

महेश दुसऱ्या पाळीला निघायच्या तयारीत, मोटारसायकल पुसत होता. मला बघून म्हणाला, "बघा मामा. भात बंद केला, गोड बंद केलं, अर्ध्या भाकरीवर ठिवली, तरी फुगतीयाच. चोरून खात असणार. रात्री डबं उघडती का काय, बघाय पायजे."

सारिका खाली बघत होती.

हौसा तिच्यापुढं बसली. तिचा पाय मांडीवर घेतला आणि नळीवर अंगठा दाबला. अंगठा काढला. तिथं खड्डा पडला, आणि तो तसाच राहिला. भरून येईना. मी बघत होतो, सासू बघत होती. कणकेत बोट घातल्यावर राहतो तसा खड्डा.

"पोरी, डोस्कं दुखतंय का?" हौसानं विचारलं.

"व्हय मामी. चार दिस झालं."

"डोळ्यापुढं काय व्हतं?"

"चमकतंय. कवा कवा दिसतच न्हाय नीट."

"दवाखान्यात कवा गेलीवतीस?"

सासू म्हणाली, "दोन बारीला गेलीच न्हाय. जा म्हणलं तर म्हणती, बरं हाय मला."

"का न्हाय गेलीस?"

सारिकानं महेशकडं बघितलं आणि मग हौसाकडं बघून हळू म्हणाली, "तितं पयलं वजन करत्यात. हे जवळ उभं ऱ्हात्यात आन् आकडा मोठ्यानं वाचत्यात. मागं वाचला तवा रांगंतल्या समद्या बाया बघाय लागल्या. ह्यांनी त्येंच्या मैतराला फोन लावून पण सांगितला."

"अगं, गंमत केली," महेश म्हणाला. "गंमत बी कळंना का."

हौसा वळली. माझी बायको मोठ्यानं बोलणारी नव्हती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं शेजारणीशी भांडण केलेलं मला आठवत नाही. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "बाळा, ही खाऊन आलेली चरबी न्हाय. ही सूज हाय. अंगात रक्ताचा दाब चढला म्हंजी अशी येती. मला ठावं हाय, कारण मला आली व्हती. माझा पयला पोरगा मेलेला जल्मला."

महेश पुसायचं फडकं हातात धरून उभा राहिला.

"माझं हात असंच झालं व्हतं. इंदापूरच्या बाजारात ह्यांच्या पेटीपुढं मी बसले व्हते. ह्यांच्या बांगड्या माझ्या हातात जाईनात. तवा हे चार गिऱ्हाइकांत म्हणलं, हिला काच न्हाय बसायची, बैलगाडीच्या चाकाची धाव आणाय पायजे. समदी हसली. मीबी हसले. मग मला लाज वाटाय लागली. नर्सबाई घरी यायची, हात दाव म्हणायची, तर मी हात पदराखाली झाकून बसायचे. म्हणायचे, बरी हाय मी. हिच्यावाणी. नर्सबाई गेल्यावर मी पदर काढायचे. पंधरा दिसांत लेकरू गेलं."

मी पेटी हातात धरून तिच्या मागं उभा होतो. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. धाव म्हणजे गाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी. मला तो विनोद आठवत होता. खरं सांगतो, आठवत होता, आणि चांगला विनोद म्हणून आठवत होता. पुढं कित्येक वर्षं मी तो दुकानात दुसऱ्यांना सांगितला होता. आणि पोरगा गेला ते देवाच्या मर्जीनं गेला असं समजून मी चाळीस वर्षं जेवलो, झोपलो, बांगड्या विकल्या. हौसानं हात पदराखाली झाकले होते हे मला त्या दिवशी कोऱ्हाळ्यात, परक्यांच्या ओसरीवर कळलं.

मी पक्कड काढली. सासूनं डोळे झाकले, "मामा, अखंड काढाय बोलावलं तुमाला," म्हणाली. मी म्हणालो, "जे काय वाईट व्हायचं ते माझ्या डोस्क्यावर घेतो." पेटीत एक्स-रेच्या फिल्मच्या पट्ट्या ठेवतो मी, कातडीला लागू नये म्हणून. एक पट्टी काचेखाली कशीबशी सारली आणि एकेक बांगडी दाबून वाढवली. बावीस. ज्या घालताना वाहवा झाली त्याच. प्रत्येकीखाली लाल वळ होता. सारिका ओरडली नाही. शेवटची निघाली तेव्हा तिनं दोन्ही मनगटं एकमेकांवर घासली आणि लांब श्वास सोडला.

"आता गाडी बघ," हौसा महेशला म्हणाली. "हिला आत्ताच्या आत्ता बारामतीला न्यायची."

"माझी पाळी हाय. उद्या नेतो."

"तुझी पाळी हीच हाय," ती म्हणाली.

तो गेला आणि शेजाऱ्याची जीप घेऊन आला. एवढं श्रेय मी त्याला देतो. जास्त देत नाही.

बारामतीत दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला आणि कुणाशी न बोलता तिला आत नेलं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. मुलगी झाली, तळव्यात मावेल एवढी. सारिकाही वाचली, पण दोन दिवस ती कुठं आहे हे तिला कळत नव्हतं. मुलीला कितीतरी दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मी बघायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई महेशला विचारत होत्या, "तिचं जेवण कुणी कमी केलं?" तो म्हणाला, "मी." "कुणाला विचारून?" तो म्हणाला, "वजन वाढत हुतं म्हणून." बाई म्हणाल्या, "वजन का वाढतंय हे विचारायला तिला इथं आणायचं होतं. विचारायचं आमचं काम होतं. तुमचं काम तिला जेवायला घालायचं होतं." मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

तुम्ही म्हणाल, त्याला काय माहीत, सूज कोणती आणि अंग कोणतं. मलाही माहीत नव्हतं. पन्नास वर्षं बायकांचे हात हातात घेऊन मला माहीत नव्हतं. पण माहीत नसलेला माणूस विचारतो. आम्ही विचारलं नाही, आम्ही विनोद केला. राग त्याचा आहे. बाई नऊ महिने स्वतःच्या हाडामासातून माणूस उभा करते आणि पुरुष बाहेर उभा राहून सांगतो, तू मला आवडत होतीस त्या मापाची राहिली नाहीस. अरे, ते माप तुझं होतं का? तुझ्या आईचा हात तुझ्यापायी वाढला तेव्हा कुणी तिला असंच बोललं असेल. घरी जाऊन विचार. तीही हसूनच सांगेल.

त्या दिवशी जीप सारिकाला घेऊन पुढं गेली आणि आम्ही दोघं कोऱ्हाळ्याहून एसटीनं परतलो; हौसा खिडकीशी बसली होती. दोन्ही बाजूला ऊस. मी म्हणालो, "इतकी वर्सं बोलली न्हाईस."

"काय बोलायचं?"

"धावंचं."

"तुमी हसवाय बोलला व्हता. हसले मी. झालं की."

तेव्हा मला एक गोष्ट दिसली जी माझ्या डोळ्यांपुढं रोज होती. त्या पोराच्या नंतर हौसानं माझ्याकडून बांगड्या कधी भरून घेतल्या नव्हत्या. कासाराची बायको, घरात पेट्याच पेट्या, आणि सणाला ती आतल्या खोलीत जाऊन स्वतःच साबण लावून भरायची. लेकीच्या वेळेलाही, पोट पुढं आलेलं असताना. मला वाटायचं, मी दिवसभर दमतो म्हणून माझा त्रास वाचवते. लोकांनाही मी तसंच सांगायचो, कौतुकानं.

घरी पोचल्यावर मी गादीवर बसलो, वाटीत पाणी घेतलं, तिला म्हणालो, "आण हात. मी भरतो."

ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आता सवय झालीय मला."

रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मला भांडता आलं असतं.

त्यानंतर मी दुकानात एक रीत पाडली. नवरा बरोबर आला आणि त्यानं तोंड उघडलं की मी बांगडी खाली ठेवतो. त्याला पायरीवरून आत बोलावतो, गादीवर बसवतो आणि बायकोच्या मनगटाच्या वर त्याचाच अंगठा दाबायला लावतो. "खड्डा ऱ्हातो का बघ. ऱ्हायला तर बांगड्या न्हाईत, आधी दवाखाना. न्हाय ऱ्हायला तर मग हे अंग तुझ्या लेकराचं हाय, गप बस." काही चिडून उठून जातात. जाऊ देत. दोघीजणी माझ्या दुकानातून सरळ दवाखान्यात गेल्या आहेत. सारिकाची मुलगी आता दुकानात येते, चार वर्षांची आहे, तिला लहान मुलींच्या बांगड्या लागतात आणि एका जागी हात धरत नाही. महेश पायरीखाली उभा असतो. आत येत नाही. फोन खिशात असतो.

गेल्या वर्षी हौसा गेली. पोटाचं दुखणं होतं, आठ महिने चाललं. अंग उतरत गेलं. त्यातही एक शहाणा भेटायला येऊन म्हणाला, "मामी, वजन छान उतरलं, पोरीवाणी दिसता." मी त्याला चहा न देता वाटेला लावलं. शेवटी तिच्या हातातल्या बांगड्या निसटून अंथरुणात पडायच्या, मी गोळा करून उशाशी ठेवायचो.

ती सवाष्ण गेली. सवाष्ण गेली की हिरवा चुडा भरून न्यायची रीत आहे. बाया जमल्या, हळद-कुंकू झालं, आणि मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कासार घरातच होता.

मी सव्वादोनची पेटी काढली. लग्नात माझ्या बापानं तिला त्याच मापाच्या भरल्या होत्या. सवयीनं पितळी वाटीत साबणाचं पाणी केलं आणि शेजारी ठेवलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी बांगडीसाठी तिचा हात माझ्या हातात आला, आणि ह्या वेळेला तिनं आणला नव्हता, मी उचलला होता. अंगठा मोडावा लागला नाही. बोटं एकत्र करावी लागली नाहीत. बांगडी नुसती टेकवली आणि ती गाठीवरून, मनगटावरून घसरत कोपरापर्यंत गेली. दुसरी तशीच गेली. तिसरीही.

माझा सगळा जन्म बांगडी अडकू नये म्हणून गेला. त्या दिवशी मी एकेक भरत होतो आणि मनात म्हणत होतो, एक तरी अडकू दे. एक तरी बसू नये.

साबणाचं पाणी वाटीत तसंच राहिलं.